मायच्या नावाचा नवस

बारशाच्या दिवशी सकाळी माझ्या भावाने मला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. घरात बायका मांडे करायला बसल्या होत्या, खापर तापलं होतं, आणि त्या धुरातून तो मला हाताला धरून बाजूला घेऊन आला तेव्हाच मी ओळखलं, हा काही पुरणात गूळ किती घालायचा ते विचारायला आलेला नाही.

"अक्का," तो म्हणाला, "पाळण्यापाशी ते नाव काढलंस तर पुन्हा या घरी येऊ नको."

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत पोचवलंय, त्याचा शेंबूड पुसलाय. एरवी मी त्याला तिथल्या तिथे धारेवर धरलं असतं. माझी जीभ आमच्या भावकीत प्रसिद्ध आहे, आणि धुळ्याच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवते तिथल्या मुली माझ्या मागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण भाऊचे डोळे तांबारले होते आणि हात थंड होता. त्याला माझा राग आलेला नव्हता, तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्यामुळे मला आणखीच चीड आली.

"आणि नाही काढलं तर माय?" मी विचारलं.

 टाकीचा नळ गळत होता तो त्याने घट्ट केला आणि निघून गेला.

'ते नाव' म्हणजे आमच्या मायचं नाव. गावात तिला सगळे हळदा म्हणतात, म्हणजे म्हणायचे. आता ती कुणाची काकू, कुणाची आजी, कुणाची सासू. नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. आबा, आमचे वडील, होते तेव्हा तेही 'अगं' वरच भागवायचे. हळदा हे नाव ऐकून कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. हळदीचं नाव, शुभ नाव. मायच्या लग्नात हळद लावताना बायकांनी त्यावरून तिची फार चेष्टा केली होती म्हणे.

पण तिचं नाव हळदा नाहीच. तिचं नाव हुल्दा.

माय साक्रीकडची. तिच्या जन्माच्या वेळी माझी आजी दोन दिवस अडली होती. सुईणीने हात टेकले तेव्हा तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक गोरी नर्सबाई होती, समुद्रापलीकडच्या थंड देशातून आलेली. ती आजीच्या उशापासून हलली नाही. बाळ निळंजांभळं निघालं, रडेना. त्या बाईने आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात वारं भरलं. ते रडलं तेव्हा आजीने विचारलं, बाई तुझं नाव काय. ती म्हणाली, हुल्दा. आजीने ऐकलं हळदा. घरी आल्यावर सगळे हसले, एवढी पांढरीफटक बाई आणि नाव हळदा. पण आजीने हट्टाने तेच नाव लेकीला ठेवलं.

खरं नाव मायला कळलं ती बऱ्यापैकी मोठी झाल्यावर. तापाने फणफणली म्हणून तिला त्याच दवाखान्यात नेलं होतं. ती बाई तेव्हा म्हातारी झालेली, आपल्या देशी परत जायला निघालेली. तिने पोरीला नाव विचारलं, पोर म्हणाली, हळदा. बाई आधी हसली आणि मग डोळे पुसायला लागली. तिने मायला खाटेवर बसवून नाव नीट म्हणायला शिकवलं आणि त्या नावाची गोष्ट सांगितली. तेव्हापासून माय मनातल्या मनात हुल्दा आहे. आम्हा दोघा भावंडांना तिने ते लहानपणीच सांगितलं होतं, शेतात कापूस वेचता वेचता. आम्ही चुकून हळदा म्हटलं की ती लगेच सुधारायची. बाहेर मात्र कुणाला बोलली नाही. गरजच पडली नाही कधी.

गरज पडली ती या पोरीमुळे. भाऊला लग्नानंतर किती वर्षांनी मूल झालं, त्यासाठी वहिनीने काय काय सोसलं, ते सांगत बसत नाही. मुलगी झाली, जळगावच्या दवाखान्यात. आणि दुसऱ्याच दिवशी पिवळी पडली. साधी कावीळ नव्हे. डॉक्टर म्हणाले, उतरली नाही तर सगळं रक्त बदलावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचं काही सांगता येत नाही. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. काचेच्या अलीकडे माय आणि भाऊ उभे होते. मायने काचेला हात लावला आणि म्हणाली, ही पोर घरी आली तर चारचौघांत तुझं नाव ठेवीन हिला, हुल्दाबाई. तोवर मांडीवर घेणार नाही.

नवस लोक देवाला बोलतात. माझी माय एका नर्सबाईला बोलली, जी मरूनही जमाना झाला असेल. आपल्या घरात देवांचा काय तोटा होता? पण त्या क्षणी तिला आठवली ती हीच. पोरीची कावीळ उतरली. पोर घरी आली. आणि माय नवसाला धरून बसली. सव्वा महिना झाला, नातीच्या पाळण्याला दोरी बांधून लांबून झोके द्यायची, पण बोट लावलं नाही. एकदा पोर रडून रडून लाल झाली, वहिनी न्हाणीत होती. माय पाळण्यापाशी उभी राहून स्वतःच रडायला लागली, पण उचललं नाही. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं.

भाऊचं काय चुकत होतं, असं विचाराल तर मला तेही सांगता येत नाही. पहूरला त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडचे केळीवाले, कापूसवाले सगळे त्याच्याकडून माल नेतात. काही महिन्यांपूर्वी शेजारच्या गावात एका घरी ख्रिस्ती प्रार्थनेला माणसं जमतात अशी आवई उठली. खरी होती की खोटी, देव जाणे. त्या घरची पिठाची गिरणी होती. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त दळण टाकायला कुणी जाईना. बायका डोक्यावर डबे घेऊन दोन कोस लांबच्या गिरणीवर जायला लागल्या. शेवटी त्यांनी गिरणी विकली आणि सुरतेला निघून गेले. भाऊ त्यांच्या दारावरून रोज दुकानात जातो.

"माझी पोर शाळेत जाईल," तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता, "तिला विचारतील, हे कुठलं नाव? तिने काय सांगायचं? आजीला गोऱ्या बाईने वाचवलं? ऐकून घेतील लोक एवढं?"

मी म्हटलं, "ऐकून घेणार नाहीत त्यांना मी बघते."

"तू धुळ्याला असतेस," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

आता त्या नावाचं. इतिहासाच्या बाईला खोदायची खोड असतेच; मी जमेल तिथून त्या नावाचा माग काढला होता. यहुद्यांच्या जुन्या राज्यात हुल्दा नावाची एक बाई होती, देवाचं म्हणणं लोकांना सांगणारी. मंदिराच्या डागडुजीत एक जुनी पोथी सापडली. राजा हादरला, हे खरं की खोटं कुणाला विचारायचं? मोठेमोठे पुरुष होते की तेव्हा. पण राजाची माणसं गेली ती या बाईच्या दारात. आणि तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, खरं आहे, आणि तुमचं काही खरं नाही. 'राजाला सांगा' असंही म्हणाली नाही, 'त्या माणसाला सांगा' म्हणाली. पुढच्या काळातल्या काही पंडितांना ते इतकं झोंबलं की त्यांनी तिला गर्विष्ठ ठरवलं आणि तिच्या नावावरून टोमणा मारून ठेवला, कारण त्यांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ मुंगसासारखा एक प्राणी. हे वाचलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसले. शहाण्या बाईला नावं ठेवायला पंडितांना नेहमीच वेळ असतो. जेरुसलेममध्ये तिच्या नावाने ओळखले जाणारे दरवाजे आहेत, आता दगडांनी बुजवलेले. मग ते नाव कुठे कुठे फिरत थंड देशांत गेलं. तिथल्या बोलीत त्याच्याशी जुळणारा एक शब्द होता, मायाळू अशा अर्थाचा, म्हणून तिथे लोक लेकींना ते हौसेने ठेवायला लागले. त्यांतलीच एक लेक नर्स होऊन साक्रीला आली आणि तिथे त्या नावाची हळद झाली.

दुपारी जेवणं उरकल्यावर मी मायच्या खोलीत गेले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, नवं लुगडं नेसून. मी दार लोटलं आणि माझी युक्ती सांगितली. मी आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. कानात मी हुल्दा म्हणते, वर तोंडाने भाऊने ठरवलेलं नाव सांगते. तुझा नवस फिटला, त्याचीही अब्रू राहिली. मला वाटलं होतं माय खूश होईल.

माय चिडली. ती चिडली की तिच्या माहेरच्या बोलीत बोलते.

"कानमा? चोरीसन?" ती म्हणाली. "मी काय चोरी करेल शे का? चारचौघांत ठेवीन म्हणून बोललेय. त्या बाईने मला काय लपून वाचवलं होतं?"

"माय, भाऊ म्हणतो..."

"मला ठाऊक आहे काय म्हणतो ते. त्याचं खरं आहे. तू त्याचं ऐक." मग हात पदराखाली घेत म्हणाली, "मी पोरीला नाही घेणार मग. तिला काही झालं तर?"

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. माझं माहेर एका बाजूला, मायची मांडी एका बाजूला. आजवर मी घराघरांतली भांडणं सोडवलीत, लोक मला मुद्दाम बोलावतात त्यासाठी. त्या दुपारी मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

आणि यात भर म्हणून वहिनीची मोठी मावशी. वहिनीचं माहेर शिंदखेड्याचं, तिथून पाहुणे गाडी भरून आले होते, आणि त्यांत ही मावशी. बाई वाईट नव्हती, पण तिला कशाचीही उचकापाचक केल्याशिवाय चैन पडायचं नाही. आल्या आल्या तिने पाहिलं की आजी नातीला घेत नाही. नवस आहे एवढं कळलं. मग सकाळपासून तिचं एकच: नवस कुणाचा? कुठल्या देवाचा? मला विचारलं, मांडे करणाऱ्या बायकांना विचारलं, भाऊला विचारलं. मायला तर दोनदा विचारलं. माय म्हणाली, "फिटला की कळेल." मावशीचे डोळे बारीक झाले. घरातल्या देवाचं नाव सांगायला कोण कशाला लाजेल, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

चारच्या सुमारास पाळणा सजला. खोली बायकांनी भरली, घुगऱ्यांच्या परातीवर रुमाल झाकला होता. पुरुष बाहेर ओटीवर. भाऊ मात्र दाराच्या चौकटीत उभा होता, दुकानातल्या पेनाशी चाळा करत. माय कोपऱ्यात जमिनीवर बसली. वहिनी पाळण्याच्या उजव्या अंगाला, डोक्यावरून पदर, नजर खाली. मोठी मावशी बरोबर माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिली. बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, गाणी झाली, आणि कुणीतरी म्हणालं, "चला आत्याबाई."

मी वाकले. बायका पाठीत बुक्के मारायला लागल्या, रीतच आहे ती, आत्याच्या पाठीत बुक्के. जोरात बसत होते. माझ्या गालाला गाल लागेल इतक्या जवळ मावशीनेही मान खाली घातली. पोर जागी होती, डोळे उघडे, कपाळाला काजळाचा ठिपका. मी ठरवून आले होते की भाऊचं नाव सांगायचं. खरंच ठरवलं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तिचा कान इतका एवढासा होता, आणि त्यात पहिला शब्द खोटा घालायला माझी जीभ रेटेना. मी कुर्रर्र केलं आणि म्हटलं, हुल्दा. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पाठीवरचे बुक्के थांबले होते.

मी सरळ उभी राहिले. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. भाऊचं पेन थांबलं होतं. आता नाव मोठ्याने सांगायचं. 

"काय म्हणलीस?" मावशीने विचारलं. "हळदा?"

 मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मुलींच्या पन्नास प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं देणारी मी, खुळ्यासारखी उभी.

"सासूबाईंचं नाव आहे ते," वहिनी म्हणाली. सकाळपासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मला तेच ठेवायचंय."

"अगं पण जितीजागती सासू, तिचं नाव?" मावशी म्हणाली. "आणि पोर काविळीतून उठलेली, तिला हळदा?"

"बाहेरून हळद लागली की आतलं पिवळं जातं, मावशी," वहिनी म्हणाली.

बायका हसल्या. मावशी मात्र हसली नाही, तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "हां," ती म्हणाली, "म्हणजे नवस खंडोबाचा. भंडाऱ्याचा. आधी नाही का सांगायचं?" आणि तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. तिच्यामागे चार बायकांनी लावले.

आमच्यापैकी कुणी हो म्हटलं नाही. मी दाराकडे पाहिलं. भाऊने डोळे मिटून घेतले होते आणि खांदे सैल पडले होते. संपलं, निभावलं, असं मला वाटलं. मी घुगऱ्यांच्या परातीवरचा रुमाल काढायला हातसुद्धा घातला.

"हळदा नई," कोपऱ्यातून माय म्हणाली.

 माय भिंतीला धरून उठली. मी मनात म्हटलं, माय, बस ना खाली, झालं की सगळं. भाऊ चौकटीतून एक पाऊल आत आला. माय पाळण्यापर्यंत आली, मावशीच्या समोर उभी राहिली, आणि राजाच्या माणसांसमोर उभं राहावं तशी ताठ उभी राहून म्हणाली, "हुल्दा. मन्हं नाव हुल्दा शे. पोरनं नाव भी हुल्दा शे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं.  पिठाची ती गिरणी, डोक्यावर डबे घेऊन दुसऱ्या गावाला निघालेल्या बायका, सगळं मला दिसलं. मावशीने मायचे दोन्ही हात हातात घेतले.

"तेच ते, माय," ती म्हणाली. "तुमना साक्रीकडे हुल्दा म्हनतस, आमनाकडे हळदा. एकच शे बठ्ठं."

 मायने चारचौघांत सांगितलं होतं. जे कबूल केलं होतं ते तिने केलं होतं. लोकांनी काय ऐकावं याचा नवस ती बोलली नव्हती. मावशीच्या हातांतून तिने आपले हात सोडवून घेतले आणि पाळण्याशेजारी खाली बसली. मांडी घातली, पदर सारखा केला.

वहिनीने पोरीला उचलून तिच्या मांडीवर दिलं. देताना ती मायच्या कानाशी वाकली आणि काहीतरी म्हणाली. मावशीला नाही ऐकू आलं, पण मी जवळच होते. वहिनीने मायला नावाने हाक मारली होती. बरोबर नावाने.

मायचे हात आता स्थिर राहत नाहीत. पोरीची मान एका अंगाला लवंडायला लागली, मायला ती सावरता येईना. कुणी पुढे व्हायच्या आत बायकांमधून वाट काढत भाऊ आला, मायपुढे उकिडवा बसला आणि आपला पंजा पोरीच्या मानेखाली धरला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"माय," तो म्हणाला, "हुल्दाचं डोकं धर."